दोघांनी फाउलहॉर्न: आल्प्समधल्या शनिवार-रविवारच्या ट्रेकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झुरिक, बाझल, म्युनिक, स्टुटगार्ट इथं नोकरी-शिक्षणासाठी असलेली मराठी मंडळी उन्हाळा लागला की विचारू लागतात: मित्र येतोय, दोन दिवस मोकळे आहेत, डोंगरात कुठं जावं? माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलँड भागातली शिनिगे प्लाटे ते फाउलहॉर्न ते फिर्स्ट ही वाट. त्यावर पुढचे प्रश्न येतात, तेही साधारण ठरलेले. त्यांची उत्तरं इथं एकत्र करून ठेवली आहेत.

एवढे आल्प्स पसरलेत, मग हीच वाट का?

कारण चढाईचा पहिला मोठा टप्पा रेल्वे करून देते आणि शेवटचा उतार दोरगाडी. मधला उत्तम भाग तुमच्या पायांसाठी राहतो. विल्डर्सविल स्टेशन 584 मीटरवर आहे. तिथून दातेरी रुळावरची जुनी गाडी सुमारे पाऊण-एक तासात 1967 मीटरवरच्या शिनिगे प्लाटेला पोचवते. ही रेल्वे 1893 साली सुरू झाली. लाकडी बाकांचे डबे, उघड्या खिडक्या आणि बैलगाडीशी स्पर्धा करेल असा वेग.

दुसरं कारण म्हणजे नजारा. दिवसभर उजव्या हाताला आयगर (3967 मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (4158 मीटर) सोबत चालतात, आणि डावीकडे खोल खाली ब्रिएन्झ तळ्याचं हिरवट निळं पाणी. बहुतेक वाटांवर एकतर शिखरं दिसतात किंवा तळं. इथं निवड करावी लागत नाही.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. वाट एकेरी आहे, पण दोन्ही टोकं एकाच रेल्वेमार्गाने जोडलेली आहेत. निघालो तिथंच परत येण्याची कटकट नाही.

वाट नेमकी कशी जाते?

शिनिगे प्लाटे ते फिर्स्ट साधारण 15-16 किलोमीटर. स्टेशनबाहेर आल्प्समधल्या वनस्पतींची एक बाग आहे. पहिली गाडी पकडली असेल तर अर्धा तास तिथं घालवायला हरकत नाही. जुलैमध्ये एडेलवाइस तिथं खात्रीनं बघायला मिळतं, रानात मिळेलच असं नाही. (रानात दिसलं तर तोडू नका, संरक्षित आहे.)

सुरुवातीचा तास गवताळ कुरणातून, गायींच्या घंटा ऐकत. मग लाउखरहॉर्नच्या बगलेतून आडवी वाट निघते. इथं चुनखडीचे झिजून धारदार झालेले खडक लागतात. कोरडे असताना पकड छान बसते, ओले झाले की अंदाज चुकवतात. पुढं खाली सेगिस तळं दिसतं. गंमत अशी की या तळ्यातून बाहेर पडणारा ओढा वर कुठंच दिसत नाही. पाणी चुनखडीतल्या भेगांतून जमिनीखालून निघून जातं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रकार नवा असतो.

त्यानंतर चढ खरा सुरू होतो आणि 2344 मीटरवरच्या मेन्डलेनेन खिंडीत एक छोटी हट लागते. सूप, केक, कॉफी मिळते आणि मुख्य म्हणजे बसायला मिळतं. इथून कड्याच्या धारेजवळून फाउलहॉर्नकडे. माथा 2681 मीटर. या शेवटच्या भागात मातकट, काळसर, ठिसूळ दगड आहे. पाऊस पडून गेला असेल तर ही माती बुटाला चिकटते आणि पाय सरकतो.

दुसऱ्या दिवशीचा भाग छोटा. फाउलहॉर्नवरून 2265 मीटरवरच्या बाखआल्पझे तळ्याकडे चारशेहून अधिक मीटरचा उतार, मग रुंद, सोप्या वाटेनं फिर्स्ट. वारा नसेल तर तळ्यात श्रेकहॉर्न आणि फिन्स्टरआरहॉर्नचं प्रतिबिंब पडतं. सकाळी लवकर पोचलात तर तळं तुमचंच. दहानंतर दोरगाडीनं आलेली गर्दी सुरू होते.

सह्याद्रीत भरपूर फिरलोय. जमेल ना?

पाय जमवतील. हरिहरच्या पायऱ्या किंवा कुठल्याही किल्ल्याचा कातळटप्पा पार केलेल्या माणसाला या वाटेवर तांत्रिकदृष्ट्या अवघड काहीच नाही. खुणा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. म्हणजे डोंगरवाट: पाय स्थिर हवा, उंचीची भीती नको, दोर वगैरे लागत नाही. नुसत्या पिवळ्या खुणा म्हणजे कुणालाही जमेल अशी वाट, आणि पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या दिसल्या की अनुभव आणि साधनं असल्याशिवाय मागे फिरायचं. हे तीन रंग पाठ असले की स्वित्झर्लंडमध्ये कुठंही निम्मी चिंता मिटते.

फरक पडतो तो इतर गोष्टींनी. कळसूबाई 1646 मीटर आहे आणि तुमचा ट्रेक सुरूच होतो त्याच्याही वरून. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पायथ्याच्या इंटरलाकेन गावात 25 अंश असताना माथ्यावर दहा-बारा. वर वारा. ढग आले की जुलैतसुद्धा बर्फ पडू शकतो. आपल्याकडे पावसात भिजत चालणं ही मजा असते. इथं भिजणं ही आजारपणाची सुरुवात ठरू शकते.

आणि रात्रीचं चालणं. शुक्रवारी रात्री एसटी पकडून पहाटेपर्यंत टॉर्चच्या उजेडात चढण्याची आपली रीत इथं आणू नका. कुणी अडवणार नाही, पण त्यात काही मिळवायचंही नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

जुलै ते सप्टेंबर. जूनमध्ये उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचे कडक पट्टे उरलेले असतात. ते ओलांडताना घसरलं तर थांबायला काही नसतं, म्हणून पहिल्या खेपेला जून नको. रेल्वे साधारण ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत चालते, पण दिवस लहान होतो आणि हट बंद होऊ लागतात. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. दुपारच्या वादळांचा जोर ओसरलेला, हवा स्वच्छ, शाळा सुरू झाल्यानं गर्दी कमी. फुलं मात्र संपलेली असतात. फुलांसाठी जुलैच.

किती वाजता निघायचं?

या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, हे उत्तर लक्षात ठेवा. आल्प्समध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. पिवळ्या पाट्यांवर फक्त वेळ लिहिलेली असते: फाउलहॉर्न, इतके तास, इतकी मिनिटं. या वेळा सपाटीवर ताशी सुमारे 4.2 किलोमीटरचा वेग आणि त्यावर चढ-उताराचा हिशोब धरून काढतात, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. पाणी पिणं, फोटो, बूट काढून खडा झटकणं, मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याची शिट्टी ऐकून तो कुठल्या दगडावर उभा आहे ते शोधणं, सगळं वेगळं.

शिनिगे प्लाटे ते फाउलहॉर्न पाटीप्रमाणे चार-सव्वाचार तासांच्या आसपास. पहिल्यांदा येणाऱ्या दोन मित्रांनी सहा धरावेत. आता उलटा हिशोब करा. उन्हाळ्यात वीजवादळं बहुतेक दुपारनंतर उठतात, तेव्हा दोन-अडीचला माथ्यावर असणं चांगलं. म्हणजे साडेआठच्या सुमारास चालायला सुरुवात, म्हणजे विल्डर्सविलहून सकाळची पहिली गाडी. झुरिकहून इंटरलाकेनला दोन तास लागतात, बाझलहूनही तेवढेच. त्या सकाळी घरून निघून हे जमणं कठीण आहे. शुक्रवारी रात्रीच इंटरलाकेनला किंवा विल्डर्सविलला मुक्कामाला या. ‘शनिवारी निवांत निघू’ म्हणणारे दुपारी एकला शिनिगे प्लाटेवर पोचतात आणि काळे ढग बघत आइस्क्रीम खाऊन परततात.

आणखी एक: परत फिरायची वेळ आधी ठरवा. मेन्डलेनेनला दुपारी अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही तर तिथंच राहायचं किंवा मागे फिरायचं. ही वेळ आदल्या रात्री जेवताना ठरवा, दोघांनी मिळून. डोंगरावर, थकल्यावर आणि माथा समोर दिसत असताना ठरवायला बसलात तर उत्तर नेहमीच ‘चल, होईल’ असं येतं.

हवामान बघायचं कसं?

स्विस हवामान खात्याचं मेटिओस्विस ॲप. फोनमधलं नेहमीचं ॲप खोऱ्यातल्या गावाचं हवामान दाखवतं, डोंगराचं नाही. गुरुवारी बघा, शुक्रवारी संध्याकाळी बघा आणि शनिवारी सकाळी पुन्हा. इशारा असेल तर बेत बदला. त्याच सकाळी शिनिगे प्लाटे आणि फाउलहॉर्नवरचे वेबकॅमही बघून घ्या.

एक फसवा प्रकार म्हणजे फ्योन वारा. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा हा वारा उतरताना कोरडा आणि गरम होतो. त्यामुळे हवा इतकी पारदर्शक होते की शिखरं हाताला लागतील असं वाटतं. दिवस सुरेख असतो, पण फ्योन अचानक थांबला की पाऊस आणि थंडी झपाट्यानं येतात.

विजा सुरू झाल्या तर?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा. तितके किलोमीटर ती दूर आहे. आकडा दहा सेकंदांच्या खाली आला तर धारेवरून, माथ्यावरून, एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लगेच दूर व्हा. खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा, सॅकवर बसलात तर उत्तम. काठ्या बाजूला ठेवा. दोघं एकमेकांना चिकटून बसू नका, काही मीटर अंतर ठेवा. मैत्री नंतर.

रात्री राहायचं कुठं?

फाउलहॉर्नच्या माथ्यालगत एक डोंगरी हॉटेल आहे. 1830 च्या दशकातलं, आल्प्समधल्या सर्वांत जुन्या डोंगरी हॉटेलांपैकी एक. ते फक्त उन्हाळ्यात चालतं आणि चांगल्या हवेच्या शनिवारी जागा मिळत नाही, म्हणून त्या हंगामात उघडं आहे ना याची खात्री करून काही आठवडे आधी आरक्षण करा. नाही मिळालं तर मेन्डलेनेनच्या हटमध्ये विचारा. तिथं राहिलात तर दोन दिवसांची वाटणीही अधिक समतोल होते, पण माथ्यावरचा सूर्योदय हुकतो.

आणि तो हुकवू नये. जुलैत पावणेसहाच्या सुमाराला दरवाजा उघडून बाहेर आलात की वरच्या हिमशिखरांवर आधी गुलाबी, मग नारिंगी उजेड उतरत येतो आणि खाली थुन आणि ब्रिएन्झ ही दोन्ही तळी अजून सावलीत असतात. दोरगाडीनं येणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. मुक्कामाचा सगळा खर्च या अर्ध्या तासासाठी.

सोयींबद्दल मात्र अपेक्षा कमी ठेवा. माथ्यावर पाणी मोजकं असतं. आंघोळ विसरा. सामूहिक खोलीत गाद्या ओळीनं लावलेल्या असतात, कोण शेजारी येईल सांगता येत नाही. कानात घालायचे बोळे न्या. रेशमी किंवा सुती पातळ झोपपिशवी स्वतःची लागते, त्यावर तिथलं पांघरूण. बूट दाराशी काढायचे, आत घरातल्या चपला. दहाच्या सुमारास सामसूम. यायला जमणार नसेल तर फोन करून कळवा, नाहीतर ते तुम्ही वाटेत अडकलात असं समजून काळजीत पडतात.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. आरक्षण करतानाच सांगा, कारण सामान खालून वर न्यावं लागतं आणि ऐनवेळी बदल करणं त्यांना जड जातं. ‘आल्प्लरमाग्रोनेन’ हा इथला पोटभरीचा पदार्थ: मॅकरोनी, बटाटे, चीज, वर परतलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गोडसर गर. ऐकायला विचित्र वाटतं, सात तास चालल्यावर कुणी तक्रार करत नाही. कधी कधी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून ‘ओहने श्पेक’ म्हणा. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा तव्यावरचा जाड थर. तिच्यातही तीच खबरदारी. काटेकोर शाकाहारी असाल तर माहीत असू द्या की इथली बरीच पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजवतात.

वाटेसाठी घरचंच उत्तम. मेथीचे ठेपले, गुळपोळी, दाण्याची चटणी, लाडू. ब्रेड-चीज सँडविचपेक्षा हे जास्त टिकतं आणि कमी चुरगळतं. फक्त हटच्या टेबलावर स्वतःचे डबे पसरू नका, बाहेर दगडावर बसा आणि आत काहीतरी विकत घ्या. हटवाल्यांचं पोट त्यावरच चालतं.

सॅकमध्ये काय भरू?

घोट्यापर्यंतचे, चांगली पकड असलेले आणि आधी वापरून मऊ झालेले बूट. पावसाचं जाकीट, उबदार थर, टोपी, पातळ हातमोजे (हो, जुलैतही). दोन लिटर पाणी, कारण शिनिगे प्लाटे ते मेन्डलेनेनदरम्यान भरवशाची जागा नाही. गायींच्या कुंडावर ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर पिऊ नका. गॉगल आणि सनस्क्रीन: उंची हजार मीटरनं वाढली की अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, आणि गार वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. हेडटॉर्च, प्रथमोपचार, चमकणारं आपत्कालीन पांघरूण, पॉवर बँक, रोख फ्रँक. नकाशासाठी स्विसटोपोचं ॲप, त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवलेला.

चालायच्या काठ्या हव्यातच असं नाही, पण दुसऱ्या दिवशी गुडघे तुमचे आभार मानतील. जीन्स नको. एवढंच.

माझा मित्र माझ्यापेक्षा हळू आहे (किंवा मी). काय करू?

सर्वांत जास्त विचारलेला आणि सर्वांत कमी गांभीर्यानं घेतलेला प्रश्न. दोघांच्या ट्रेकमध्ये गट नसतो. पाचजण असले की कुणी ना कुणी हळू माणसासोबत असतं. दोघांत एक पुढे गेला की दुसरा एकटा. म्हणून हळू चालणाऱ्यानं पुढं राहायचं. मागचा आपोआप त्याच्या गतीला येतो. वेगवान माणूस पुढं जाऊन वळणावर थांबतो, मागचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात पहिला विश्रांती संपवून उठतो: अशानं थकलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. आपल्या ट्रेकच्या गटांत हे सर्रास चालतं, इथंही दिसतं.

योग्य गती ओळखायची खूण सोपी आहे. चढावर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की गती कमी करा. दोघं मित्र आहात, गप्पा मारायला हरकत नसावी.

आणि एकमेकांचं मन राखायला म्हणून खोटं बोलू नका. ‘ठीक आहे रे’ म्हणणारा माणूस ठीक नसतो हे तुम्हाला घरी कळतं, तेच डोंगरावरही लागू. फोड येतोय असं वाटलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा. मित्राला दहा मिनिटं थांबवल्याचा संकोच पुढच्या दोन तासांच्या लंगडण्यापेक्षा स्वस्त आहे.

एकाला काही झालं तर दुसऱ्यानं काय करायचं?

हेलिकॉप्टर बचावसेवा रेगाचा स्वित्झर्लंडमधला क्रमांक 1414. रुग्णवाहिका 144. परदेशी सिमवरून लागेना झालं तर 112. रेगाचं ॲप तुमचं ठिकाण थेट कळवतं. ते दोघांच्या फोनमध्ये घाला, कारण नेमका ज्याच्याकडे ॲप असतं त्याचाच फोन दरीत जातो.

फोनला रेंज नसेल तर आल्प्समधली जुनी खूण: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, हाक किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर तिरपे म्हणजे ‘हो, मदत हवी’. एक हात वर, एक खाली म्हणजे ‘नको’. नुसती मजा म्हणून दोन्ही हात हलवून टाटा करू नका.

जखमी मित्राला सोडून जायची वेळ आली तर आधी त्याला सगळे कपडे चढवा, पांघरुणात गुंडाळा, ठिकाणाचा फोटो आणि नकाशावरची जागा नोंदवा. शनिवारी या वाटेवर लोक असतात. शक्यतो थांबून दुसऱ्या कुणाला पाठवणं बरं.

व्हिसा, विमा, कागदपत्रं?

जर्मनी किंवा इतर शेंगेन देशाचा निवास परवाना असेल तर स्वित्झर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही सोबत ठेवा. भारतातून येणाऱ्या मित्राला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा. पण तो घेतला म्हणजे डोंगरातला बचाव त्यात आला असं गृहीत धरू नका. शोध, हेलिकॉप्टर, ठरावीक उंचीवरचं चालणं याबद्दल काय लिहिलंय ते शोधून वाचा. हेलिकॉप्टरचं बिल हजारो फ्रँकांत जातं. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे बरेच जण रेगाचे वार्षिक वर्गणीदार होतात, ते शहाणपणाचं आहे.

जर्मनीच्या मंडळींसाठी: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तुमच्या फोनच्या करारात इथलं रोमिंग आहे का ते सीमा ओलांडण्याआधी बघा. कित्येकांची सहलीतली सर्वांत महागडी गोष्ट हीच ठरली आहे.

गायींची भीती वाटते. हसू नका.

हसत नाही. वासरं सोबत असलेल्या गायी इथं माणसांवर धावून जातात, आणि त्या आपल्याकडच्या रस्त्यावरच्या गायींसारख्या निवांत नसतात. लांबून वळसा घ्या, वासराला हात लावू नका, मध्ये उभं राहून सेल्फी नको. कुंपणाचं फाटक उघडलं की बंद करा. विजेच्या तारेला प्लास्टिकची मूठ असते, तिलाच धरा. आल्प्समध्ये काही ठिकाणी मेंढ्यांच्या कळपात राखणीचे मोठे पांढरे कुत्रे असतात. भुंकत आले तर थांबा, काठी उगारू नका, पळू नका, त्यांना तुमचा वास घेऊ द्या आणि कळपाला वळसा घालून सावकाश जा.

उंचीचा त्रास होईल का?

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीच्या जरा खाली असतो. अडीच हजार मीटरच्या वर काहींना डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं असं होतं. कालच मुंबईहून विमानानं उतरलेल्या मित्राला ते होण्याची शक्यता जास्त. पाणी प्या, दारू टाळा, आणि डोकेदुखी वाढत असेल तर खाली उतरा. बाखआल्पझेपर्यंत उतरलं तरी बहुतेकांना बरं वाटतं.

खर्च?

जास्त. तिकिटं अर्ध्या भाड्याच्या कार्डानं निम्मी होतात, तेव्हा ते आधी घ्या. तीन-चार दिवस याच भागात असाल तर बर्नर ओबरलँड पासचा हिशोब करून बघा. एकाच पासवर सगळ्या डोंगरी गाड्या फुकट असतात असं नाही, काहींवर नुसती सवलत असते. बाकी बचत डब्यातल्या ठेपल्यांनी.

तंबू लावता येईल का? पैसे वाचतील.

नको. नियम जागेनुसार बदलतात, संरक्षित पट्ट्यांत आणि शिकारबंदीच्या क्षेत्रांत सक्त मनाई आहे, आणि वादळात धारेवरचा तंबू हे बचतीचं साधन नाही.

भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांनाही यायचंय.

त्यांना रविवारी सकाळी फिर्स्टच्या पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून दोरगाडीनं फिर्स्टला (2166 मीटर) बोलवा. तिथून बाखआल्पझे सुमारे तीन किलोमीटर, चढ शंभर मीटरच्या आसपास, वाट रुंद. तुम्ही फाउलहॉर्नवरून उतरून तिथं भेटा. बाबांचा गुडघा दुखत असेल तरी सावकाश तासा-सव्वातासात जमतं. आईला सांगा, स्वेटर पिशवीत नको, अंगावर हवा. वाटेत भेटणाऱ्यांना या भागात ‘ग्रुएसेख’ म्हणतात. आई-बाबा ‘नमस्कार’ म्हणाले तरी समोरचा हसून उत्तर देतो.

त्याच शनिवार-रविवारी युंगफ्राउयोखही उरकता येईल का?

उरकता येईल, बघता येणार नाही. 3454 मीटरवर रेल्वेनं जाणं हा वेगळा दिवस आहे आणि वेगळा खर्चही. वेळ उरलाच तर इंटरलाकेनमध्ये कॉफी प्या. यश चोप्रांचा पुतळा तिथंच आहे, 2016 साली उभारलेला. भारतातून आलेल्या मित्राला त्याच्याजवळ फोटो काढायचा असतोच.

फिर्स्टहून चालतच खाली उतरलं तर?

ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटरवर आहे, म्हणजे अकराशे मीटरचा उतार, अडीच तास. आदल्या दिवशीच्या चालीनंतर मांड्या भरून येतात. त्यापेक्षा पाय शिल्लक असतील तर फिर्स्टहून ग्रोसे शाइडेगला जा. दीड तासाची जवळजवळ सपाट वाट, समोर वेटरहॉर्नची भिंत, आणि तिथून बस खाली. मला ही निवड जास्त आवडते. शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा.

गाडी घेऊन आलो तर ती कुठं लावायची?

विल्डर्सविलला. ग्रिंडेलवाल्डहून इंटरलाकेनला जाणारी रेल्वे विल्डर्सविलला थांबते, तेव्हा रविवारी दुपारी उतरून थेट गाडीपाशी. महामार्गावरून आलात तर 40 फ्रँकांचा विन्येट (महामार्ग वापरायचा परवाना) लागतो, काचेवरचा किंवा ऑनलाइन. तो सीमेवर किंवा त्याआधीच घ्या. रेल्वेनं येणाऱ्यांनी मोठी बॅग इंटरलाकेन ओस्टच्या लॉकरमध्ये ठेवावी. आणि आई-बाबांना रविवारी एकटं पाठवत असाल तर हे बजावून सांगा: इंटरलाकेनहून निघालेली गाडी त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत तुटते, एक भाग ग्रिंडेलवाल्डला आणि दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच बसायचं.